दाराचे वय

गेल्या वर्षी दसऱ्याला आठ-दहा दिवस असताना माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. कल्याणला त्याने नवे घर घेतले आहे. पेढे झाले, घराची हकीकत झाली, आणि मग त्याने खिशातून मोबाइल काढून एक चित्र माझ्यासमोर धरले. दोन फळ्यांचे, रुंद, काळपट सागवानी दार. चौकटीवर वेलबुट्टी, वर मध्यभागी गणपती, पितळी कड्या. दार कोठे बसवणार, असे विचारताच तो हसून म्हणाला, "बसवायचे नाही सर, टांगायचे. दिवाणखान्यातल्या भिंतीवर."

मग त्याने कामाची गोष्ट काढली. "तुम्ही चार ओळी लिहून द्या. चौकटीत घालून बाजूला लावीन. दार पेशवेकालीन आहे, कुणा सरदाराच्या वाड्यातले, असे दुकानदार म्हणाला."

"तो म्हणाला, तर त्याच्याकडूनच का लिहून घेत नाहीस?"

"सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्हाला काय अवघड आहे?"

हा टोला त्याने निरागसपणेच मारला होता, पण तो बरोबर ठिकाणी लागला. कादंबरीत लिहिलेले खोटे आहे, हे वाचकाला आणि मला दोघांनाही ठाऊक असते. भिंतीवरच्या चौकटीतले खोटे मात्र पाहुण्याला खरे म्हणून वाढायचे असते. मी म्हणालो, "आधी दार बघू. मग काय लिहायचे ते ठरवू." येत्या रविवारी जायचे ठरले.

दार भिवंडीतच मिळाले होते. त्यात नवल नव्हते. भिवंडी म्हटले की आज लोकांना यंत्रमाग आठवतात, नाहीतर माणकोली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ ह्या बाजूची मैलोगणती पसरलेली गोदामे आठवतात. त्या गोदामांत जोधपूरकडून आलेले, शिसवी आणि आंब्याच्या लाकडाचे, मुद्दाम जुनाट दिसेल असे केलेले सामान रचून ठेवलेले असते आणि तेथून ते मुंबई-पुण्याच्या घरांत जाते. परंतु ह्याच गावाचा जुना धंदा लाकडाचाच होता, हे फारसे कोणाला आठवत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी गॅझेटिअरात भिवंडीच्या व्यापाराचे जिन्नस मोजले आहेत ते असे : तांदूळ, सुकी मासळी, कापड, गवत आणि लाकूड. वाडा, शहापूर, जव्हार ह्या बाजूंच्या रानांतला साग बैलगाड्यांनी येथे उतरे आणि कामवारीच्या काठाने, खाडीच्या वाटेने पुढे जाई.

हे लाकूड इतिहासात फार मागे जाते. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली. १६५९ सालच्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण आणि पनवेल येथे महाराज लढाऊ गलबते बांधीत असल्याची काळजी व्यक्त झालेली आहे. मराठ्यांच्या आरमाराचा प्रारंभ ज्या काठांवर झाला त्यांत आमच्या गावाचा काठ होता. साग पाण्यात कुजत नाही, त्याचे तेल त्याला राखते. म्हणूनच पुढे मुंबईच्या वाडियांनी सागाची जहाजे बांधली. त्यांच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगत आहे. ज्या लाकडाने दोनशे वर्षे समुद्र सोसला, त्याने घराच्या दारात उभे राहून शंभर पावसाळे काढावेत ह्यात आश्चर्य कसले?

रविवारी मी कल्याणला गेलो. दार अजून टांगलेले नव्हते, गॅलरीत भिंतीला टेकवून ठेवले होते. मी काही पुरातत्त्वज्ञ नव्हे. पण माझे बालपण अशाच एका दाराच्या आत गेले, आणि आमच्या शेजारच्या एका वृद्ध सुताराच्या भुशात मी पुष्कळ दुपारी बसलो आहे. लाकूड वाचावे कसे, हे त्यांनी मला शिकविले. ते म्हणत, "समोरून कोणीही फसवील. पाठ बघावी. पाठीला कोणी पॉलिश करीत नाही."

पाठ पाहण्याची रीत सोपी आहे. हाताने तासलेल्या लाकडावर वाकसाचे उथळ, थोडे वेडेवाकडे घाव राहतात, बोट फिरवले की लाटेसारखे लागतात. हातकरवतीच्या रेघा सरळ पण असमान असतात. गिरणीच्या गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतात. लोहाराने घडविलेला खिळा चौकोनी, आणि एकासारखा दुसरा नसतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. अधिक चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू तर १९३० नंतरचा. लाकूड शंभर वर्षांत आडव्या अंगाने आकसते, म्हणून जुना गोल पाट मोजला तर किंचित लांबट भरतो. किड्याची भोके वाकडीतिकडी आत जातात. ड्रिलने पाडलेल्या खोट्या भोकात टाचणी घातली तर ती सरळ जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे, झीज जेथे हात लागतो तेथेच हवी. कडीभोवती लाकूड कोरे आणि वरच्या कोपऱ्यात झिजलेले असेल, तर ती झीज माणसाने केलेली नसून पॉलिश-कागदाने केलेली आहे असे समजावे.

ह्या दाराची झीज खरी होती. उंबऱ्यापासून हातभर उंचीपर्यंत दोन्ही फळ्या आतून घासलेल्या होत्या, जणू काही वर्षानुवर्षे तेथे गोणी टेकत आल्या. फळ्यांवर गोल करवतीच्या कमानी स्पष्ट होत्या. खिळे काही चौकोनी, काही तारेचे. बिजागऱ्या विलायती साच्याच्या. म्हणजे दार खरेच जुने होते, परंतु पेशवाईतले नव्हते. पेशवाई १८१८ साली गेली, आणि हे दार त्यानंतर पाऊणशे-शंभर वर्षांनी घडले असावे. आणि वरचा गणपती? तो वेगळ्या लाकडाचा होता, मागून काळा रंग दिलेला, आणि चार अधिक-खाचेच्या स्क्रूंनी बसविलेला. त्याच्याखालची मूळ वेल मधोमध अखंड गेलेली होती. तिने देवासाठी जागा सोडलेली नव्हती.

मग मी विजेरी मागितली. डाव्या फळीच्या पाठीवर, हिरव्या तैलरंगाच्या दोन थरांखाली, खिळ्याने ओरखडलेल्या रेघा होत्या. चार उभ्या, त्यांवर एक आडवी. पुन्हा चार उभ्या, एक आडवी. अशा रांगांमागून रांगा. गोणी मोजल्याचा हिशेब. हे दार कोणा सरदाराचे नव्हते, तर भिवंडीतल्या तांदळाच्या व्यापाऱ्याचे होते.

माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे फसलो का, सर?"

येथे मला थांबून थोडे वेगळे सांगावे लागते. आपल्या मनात 'जुने आणि आपले' म्हटले की पेशवाई उभी राहते. परंतु पेशवाईतला दिवाणखाना आपण पाहिला तर त्यात आजच्या अर्थाने सामान जवळजवळ नव्हतेच. लोड, तक्क्ये, गाद्या, गालिचे, चौरंग, पाट, समया, तबके, पानदाने, छताला हंड्या-झुंबरे. माणसे जमिनीवर बसत. १७९० साली पुण्याच्या दरबारात इंग्रज वकील मॅलेट ह्याने सवाई माधवरावांशी तह केला, त्या प्रसंगाचे टॉमस डॅनिएलने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. त्यात तंग विजारी घातलेले इंग्रज पाहुणेही खालच्या बैठकीवरच आहेत. खुर्ची हे सत्तेबरोबर आलेले सामान आहे. तेव्हा बाजारात 'पेशवाई सोफा' म्हणून जे विकले जाते, तो पदार्थ पेशव्यांना ओळखताही आला नसता.

भाषा ही गोष्ट इतिहासकारापेक्षा प्रामाणिकपणे सांगते. 'पाट', 'पलंग', 'झोपाळा' आपले. 'खुर्ची' अरबी, 'तक्क्या' आणि 'गालिचा' फारसीच्या वाटेने आलेले. 'अलमारी' पोर्तुगीज, 'टेबल' इंग्रजी. आणि 'कपाट'? संस्कृतात कपाट म्हणजे दाराची फळी. भिंतीतल्या फडताळाला फळ्या लागल्या, आणि फळीचे नाव सबंध वस्तूला चिकटले. मराठी घराची उतरंड लावायची तर ती अशी सर्व किनाऱ्यांवरून आलेल्या शब्दांनीच लावावी लागेल. मुंबईत एकोणिसाव्या शतकात जे कोरीव काळ्या शिसवी सामान घडले, ज्याला आज जुन्या बाजारात सर्वांत अधिक भाव आहे, त्याचा आकार विलायती आणि वेलबुट्टी देशी. ते सामान पारश्यांच्या, गुजरात्यांच्या, इंग्रजांच्या आणि आमच्या शेटसावकारांच्या घरांत सारख्याच दिमाखाने बसले.

देव-देवळांच्या बाबतीतही हेच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तेथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देशावर नेल्या, आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा, जिच्यावर १७२१ साल कोरलेले आहे, ती त्यांतलीच. भिवंडी तालुक्यातले वज्रेश्वरीचे देऊळ त्याच विजयाचा नवस म्हणून उभे राहिले. लोकांनी घंटेचा धातू वितळवला नाही, तिच्यावरचे साल घासून काढले नाही. ती टांगली आणि वाजविली. परक्याची वस्तू आपल्या घरात आणावी तर अशी आणावी, तिच्या अंगावरचे अक्षर शाबूत ठेवून.

मग वाडे गेले कोठे? शनिवारवाड्याचा पाया १७३० साली घातला गेला, वास्तुशांत १७३२ साली झाली, आणि १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत लाकडी वाडा गेला. तट आणि जोती राहिली. १८७९ साली बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाड्यालाही आगीची झळ लागली. पण आगीने नेले त्याच्या कितीतरी पट अधिक वाटण्यांनी नेले. चार भाऊ, एक वाडा. दुरुस्ती कोणी करायची? लाकडाला भाव, जागेला त्याहून भाव. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर, ज्यांना काव्यरसिक 'अज्ञातवासी' ह्या नावाने ओळखतात, त्यांनी हा ऱ्हास डोळ्यांनी पाहिला आणि १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला आरंभ केला. त्यांनी तलवारींपेक्षा अडकित्ते जमविले, दिवे जमविले, वज्र्या जमविल्या, दौती, कुलपे, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दरवाजे जमविले. बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी ह्या संग्रहालयाला दिले. वीस हजारांच्या घरातला हा संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथले दरवाजे मी शाळेच्या सहलीबरोबर दोनदा पाहिले आहेत. पाहताना मनात एकच विचार येतो : ह्या माणसाने दाराला दिवाणखान्याची शोभा केले नाही. दार कोणत्या घराचे, दिवा कोणत्या कोनाड्यातला, हे तो विचारीत गेला.

मी मात्र विचारले नव्हते. हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे पणजोबांनी बांधलेले घर कासार आळीच्या पलीकडे होते. ओटी, पडवी, माजघर, वर कडीपाटाचे माळवद. २००९ साली वडील आणि तीन काका ह्यांनी ते पाडून इमारत उठवायचे ठरविले. लाकूड उक्ते विकले. एक माणूस आला, त्याने तुळयांवर नखाने खरवडून पाहिले, दाराला टिचकी मारली, आणि आकडा सांगितला. काका म्हणाले, "लाकूडच आहे, देव नव्हे." त्या रकमेतून धाकट्या बहिणीच्या लग्नाला हातभार लागला, त्याबद्दल मला खंत नाही. खंत आहे ती दाराच्या आतल्या बाजूला काय होते, हे मी एकदाही पाहिले नाही ह्याची. झोपाळा तेवढा मी ठेवून घेतला. पण नव्या घराच्या स्लॅबला त्याचा भार पेलेल असा आकडा नव्हता; फळी एका नातेवाइकाने नेली, आणि पितळी कड्या आजही माझ्या पलंगाखाली गोणपाटात गुंडाळलेल्या आहेत. दिवाळीला त्या चिंचेने घासून पुन्हा गुंडाळून ठेवतो.

तेव्हा विद्यार्थ्याला 'फसलास' म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. मी त्याला म्हणालो, "फसला नाहीस. तुला सांगितले त्याहून चांगली वस्तू तुझ्या हाती आली आहे."

कारण त्या रेघांत आमच्या गावाचा सबंध इतिहास होता. तांदूळ कोठून आला? आजूबाजूच्या आगरी-कुणब्यांच्या खाचरांतून. कोणी विकला? निजामपुऱ्यातल्या आणि सौदागर मोहल्ल्यातल्या कोकणी मुसलमान व्यापाऱ्यांनी, गुजराती दुकानदारांनी, मराठी अडत्यांनी. ह्याच गावात १८५७ च्या उठावानंतरच्या काळात उत्तर हिंदुस्थानातले विणकर पोट भरायला आले, पुढे तेलंगणातले पद्मशाली आले. १९३० नंतरच्या दशकांत हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली; मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने माग आणून येथल्या लोकांनी ते चालविले. म्हणजे दुसऱ्याने टाकलेली जुनी वस्तू पुन्हा कामाला लावणे हाच आमच्या गावाचा धर्म म्हणावा लागेल. आणि ह्याच गावाने १९७० आणि १९८४ च्या दंगलीही पाहिल्या. त्यांत माणसे मेली, घरे जळाली.

ते दार हिंदूच्या घरचे की मुसलमानाच्या, हे चार उभ्या आणि एक आडव्या रेघेवरून कळत नाही. गोणी मोजताना दोघेही तशीच रेघ ओढीत. पण दुकानदाराने दाराला चार स्क्रूंनी एक देव ठोकून आणि तोंडाने एक सरदार चिकटवून तो प्रश्नच पुसून टाकला होता. गणपतीला माझा विरोध कसा असेल? माझ्या देवघरात तो आहे. परंतु देवाचा उपयोग कोणाचे घर कोणाचे होते हे झाकण्यासाठी व्हावा, हे देवालाही आवडणार नाही असे मला वाटते.

आणि मागे आणखी एक माणूस उभा होता, ज्याने रेघही ओढली नाही. हा साग ज्या रानातून आला, तेथे वारली, कातकरी, ठाकूर राहत. त्यांच्या स्वतःच्या घरांना सागाची दारे नव्हती. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर शेणामातीचा लेप. १८७८ साली वनांचा कायदा झाला, आणि राबासाठी फांदी तोडणे हादेखील चौकीदाराच्या मर्जीचा प्रश्न झाला. ठाणे जिल्ह्यातल्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ साली सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. आमच्या पडव्यांच्या तुळया त्याच काळातल्या आहेत. आज शहरातल्या दिवाणखान्यात वारली चित्रे लावण्याची आवड आहे, आणि जिव्या सोमा मशे ह्यांच्यासारख्या चित्रकाराला २०११ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तो चौक मुळात लग्नघरात सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लिहायचा असतो, भिंतीच्या शोभेसाठी नव्हे, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या भिंतीवर ते चित्र अधिक शोभते.

शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूचे संरक्षण आहे. त्या खाजगी माणसाला परदेशी पाठविता येत नाहीत. परंतु वस्तूची हकीकत नाहीशी करण्याविरुद्ध कायदा नाही. ते काम ज्याचे त्याने करायचे.

मी कागद मागितला आणि चार ओळींऐवजी पाच लिहिल्या :

"साग. सुमारे शंभर ते सव्वाशे वर्षांपूर्वीचे. भिवंडीतील तांदळाच्या व्यापाऱ्याच्या घराचे अथवा कोठाराचे असावे. मालकाचे नाव व धर्म अज्ञात. वरचा गणपती अलीकडे जोडलेला. पाठीमागच्या रेघा गोणींच्या हिशेबाच्या आहेत, त्या पुसू नयेत."

विद्यार्थ्याने कागद वाचला. "'धर्म अज्ञात' लिहायलाच हवे का, सर?"

"नको असेल तर खोड. पण मग खाली माझी सही ठेवू नकोस."

तो काही बोलला नाही. कागद घडी करून खिशात घातला. मी गाडी पकडून परत आलो, आणि खरे सांगतो, रस्ताभर आपण उगाच त्याच्या आनंदावर पाणी ओतले असे वाटत राहिले. माणसाने कर्ज काढून घर घ्यावे, हौसेने एक वस्तू आणावी, आणि मास्तराने तेथेही लाल शाई काढावी!

दिवाळीच्या पाडव्याला त्याचे बोलावणे आले. गेलो. दिवाणखान्याच्या भिंतीवर दार नव्हते. मी विचारण्याआधीच त्याची आई म्हणाली, "गुरुजी, भिंतीवर टांगले तर पाठ कशी दिसायची? म्हणून सुतार बोलावला." आतल्या खोलीचे प्लायवूडचे दार काढून त्या जागी चौकटीसकट ते जुने दार बिजागऱ्यांवर बसविले होते. गणपती काढून देवघरात ठेवला होता. त्याच्या जागी स्क्रूंची चार भोके उघडी होती. ती बुजवू नका, असे मी सांगितले. तीही दाराच्या वयातच जमा होतात. चौकट डाव्या हाताला लावलेली होती, पाचही ओळी जशाच्या तशा.

दार थोडे जड होते. उघडताना कुरकुरले. त्याची पाच वर्षांची मुलगी आतल्या बाजूला जमिनीवर बसून बोटाने रेघा मोजीत होती, आणि तिसाच्या पुढे गेली की चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करीत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि पाच-पाचांनी कसे मोजायचे ते तिला दाखविले.